मुंजाजी ड्रायव्हरवरचा आळ

वालूरला अजून एक बोलणं चालतं. कुणाचा ट्रॅक्टर अडला, कुणाची मोटारसायकल घरघरली, की पारावरचं टोळकं विचारतं, "तेल मुंजाजीनं खाल्लं का काय?" आणि सगळे दात काढतात. त्यातल्या निम्म्यांनी मुंजाजीला पाहिलेलंही नाही. मी पाहिलंय. ते माझ्या थोरल्या बहिणीचे, गोजरक्काचे नवरे, म्हणजे माझे दाजी. त्यांनी कुणाचं तेल तर सोडाच, कुणाच्या घरचा चहासुद्धा दोनदा आग्रह झाल्याशिवाय घेतला नाही. त्यांच्यावर चोरीचा आळ कसा आला, आणि तो पुसायची वेळ आली तेव्हा मोठ्या माणसांच्या जिभेला काय झालं, हे मला एकदा सांगून टाकायचंय. गोड करून सांगणार नाही, आधीच सांगतो.

दाजी मूळचे गंगाखेडकडचे. आईबाप लवकर गेले, भावकीने जमीन गिळली, तेव्हा ते उठले आणि हैदराबादला गेले. तिथे एका जहागीरदाराच्या मोटारी धुता धुता चालवायला शिकले, आणि चालवता चालवता दुरुस्त करायला. मुलगा हैदराबादेत मोटार चालवतो आणि पायात बूट घालतो, एवढं ऐकून आमच्या वडिलांनी पेडगावला सोयरीक पक्की करून टाकली. जमीन किती हे विचारायचं राहूनच गेलं. पुढे निजामाचं राज्य गेलं, जहागिऱ्या गेल्या आणि जहागीरदारसाहेबांनी मोटारी विकायला काढल्या. त्यातली एक वालूरच्या माणिकराव देशमुखांनी घेतली. बैलजोडीबरोबर कासरा यावा तसे मोटारीबरोबर दाजीही आले. माणिकरावांनी त्यांना गाडीच्या शेडशेजारी एक खोली दिली आणि अक्काचा संसार वालूरला सुरू झाला.

गाडी अमेरिकेची, हिरवीगार, आणि लांब एवढी की वेशीतून वळताना पुढचं टोक गावात आणि मागचं शिवारात असायचं. पण तिची खरी मिजास वेगळीच होती. तिला क्लच नव्हता. पायापाशी ब्रेक आणि ॲक्सिलेटर, बस. स्टेअरिंगखालचा दांडा एकदा खाली ओढला की गाडी आपली आपण पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे गियर बदलत जायची. गाव तिला आपमती म्हणू लागलं. दाजींना ते आवडायचं नाही. ते म्हणायचे, "आपमती माणसं आसतात. ही तेलावर चालती. तेल शाबूत तर गियर शाबूत."

ते तेल लाल रंगाचं असायचं, डब्यांतून हैदराबादेहून यायचं. डबे दाजींच्या पेटीत कुलूपबंद. रोज सकाळी ते गाडी सपाट जागी लावायचे, इंजिन चांगलं तापू द्यायचे आणि चालूच ठेवायचे. मग पुढच्या सीटसमोरची चटई उचलायची, फळीतलं लोखंडी झाकण काढायचं आणि गियरबॉक्सचं तेल मोजायची सळई बाहेर ओढायची. पांढऱ्या फडक्याला पुसायची, परत घालायची, परत काढायची. तेल खुणेवर आलं की दाजींचा चेहरा खुलायचा. घरातल्या बाया म्हणायच्या, मुंजाजीची पूजा चालू झाली. ती फडकी धुवायला अक्काकडे यायची आणि अक्का रोज नवऱ्याच्या नावाने बोटं मोडत ती धुवायची.

आता दाजी काही संत नव्हते, तेही सांगतो. बढाईखोर होते. लॉरीवाल्यांना हमाल म्हणायचे. बोलताना मध्येच हैदराबादी उर्दू फेकायचे, ती निम्मी लोकांना कळायची नाही आणि निम्मी खुद्द त्यांनाही. माणिकरावांच्या बैठकीत भुजंग नावाचा एक आयता माणूस असे, दिवसभर मालकाच्या होला हो करणारा. तो एकदा गाडीच्या पुढच्या दांडीवर पाय ठेवून तंबाखू मळत होता. दाजी चारचौघांत म्हणाले, "पाय काढा. तुमच्या बापानं ठुला नव्हता पाय आशा गाडीवर." भुजंगने पाय काढला, पण डूख धरला. तोंड सांभाळलं असतं तर पुढचं टळलं असतं, असं आमचे वडील म्हणायचे. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. माणूस तोंडाचा फटकळ असला म्हणजे हाताचा चोर ठरतो का?

पहिल्या निवडणुका होऊन गेल्या होत्या, त्यानंतरच्या पोळ्याची गोष्ट. पोळ्याला दाजी आणि अक्का आमच्याकडे पेडगावला आले होते. माझ्या बैलांची शिंगं दाजींनीच रंगवली, मोटारीला लावायच्या उरलेल्या हिरव्या रंगाने. माझी जोडी गावात मिरवली ती देशमुखांच्या गाडीच्या रंगात. पोळ्याची कर झाली आणि दोघं वालूरला परत गेले.

गेले त्याच सकाळी माणिकरावांना सेलूला जायची घाई होती, म्हणून तेलाची सळई न बघताच दाजींनी दांडा खाली ओढला, तर गाडी हलेना. इंजिन गुरगुरतंय, गाडी जागेवर. बऱ्याच वेळाने उडी मारल्यासारखी निघाली. सेलूच्या रस्त्याला लागल्यावर दुसऱ्याचा तिसरा गियर पडेना. इंजिन बोंबलत होतं आणि गाडी रेंगाळत होती, मग एकदम धाडकन झटका बसून गियर पडायचा. मागे बसलेल्या माणिकरावांचा पटका पुढच्या सीटवर येऊन पडला. गाडी तापली तशी आणखी बिघडली, आणि खालून जळका वास सुटला.

दाजी घाबरणाऱ्यातले नव्हते. त्यांनी आधी इंजिन तपासलं. "लोक गियरला शिव्या देतात अन् रोग आसतो इंजिनात," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. प्लग साफ केले, ठिणगी पाहिली. इंजिनात खोट नव्हती. मग त्यांनी ॲक्सिलेटरपासून गियरबॉक्सपर्यंत जाणारी सळई पाहिली. पाय किती दाबलाय हे ती सळई गियरबॉक्सला सांगते, आणि तिचं माप चुकलं की गियर उशिरा नाहीतर घाईने पडतो. ती थोडी आखूड केली, गाडी फिरवून आणली, फरक नाही. थोडी लांब केली, फिरवून आणली, तरी नाही. परत पहिल्या मापावर आणून ठेवली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झालं हे कळत नाही, अशी त्यांची शिस्त होती.

मग तेल. मोजायची सळई काढली तर तेल खुणेच्या बरंच वर, आणि सगळं फेसाळलेलं. इथे दाजी अडखळले. तेल कमी पडलं की पंप हवा ओढतो आणि फेस होतो, हे त्यांना माहीत होतं. जास्त झालं तर फिरती चाकं ते ताकासारखं घुसळतात आणि तरीही फेस होतो, हेही माहीत होतं. पण जास्त होईल कसं? ओतणारे ते एकटे, आणि त्यांनी ओतलं नव्हतं. म्हणून ते धरून चालले की फेसामुळेच ते वर दिसतंय, आणि दोष गियर धरून ठेवणाऱ्या आतल्या पट्ट्यांत शोधत बसले.

दाजी असे गाडीखाली पडलेले असताना गावात दुसरीच तपासणी सुरू झाली. गाडी सोडून सगळे माणूस तपासायला लागले. कुणी म्हणालं ड्रायव्हर पितो. कुणी म्हणालं, पोळ्याला न विचारता गाडी सासरवाडीला नेली असेल. अरे, गाडी शेडमध्ये होती आणि माणूस रेल्वेने आला होता, स्टेशनवर मी स्वतः घ्यायला गेलो होतो! माणिकरावांनी परभणीहून बन्सीधर मिस्त्रीला बोलावलं. त्याने उभ्या जन्मात बिनक्लचची गाडी उघडली नव्हती. त्याने दांडा दोनदा खालीवर केला, टायरला लाथ मारली आणि सांगितलं, "चालवणाऱ्यानं जाळला गियर." एवढं बोलून पाहुणचार घेऊन गेला. मला अजून कळलेलं नाही, टायरला लाथ मारून गियर जळलेला कसा कळतो.

उलगडा झाला तो अक्कामुळे, आणि तोही ती चिडली म्हणून. फडकी धुवायला घेतली तर एक फडकं वाळून पापडासारखं कडक झालेलं. तिने ते दाजींच्या पुढ्यात आपटलं.

"काय पुसायलात ह्यानं? तुमचं लाल तेल कवाच आसं वाळत न्हाई. हे रोगन लावल्यागत झालंय."

"तेलच हाय की."

"कंचं तेल? आपल्या करडीच्या बुधलीचं तोंड बगा. तिथं बी आसंच चिकट जमतंय."

दाजींनी बुधली पुढ्यात ओढली. मग त्यांनी बुधलीच्या तोंडाशी जमलेलं चिकट नखाने खरवडून पाहिलं, फडक्यावरचं खरवडून पाहिलं. करडीचं तेल हवेला आणि उष्णतेला वाळतं, चिकटतं, म्हणून तर त्याचं रोगन करतात. गियरबॉक्समध्ये सुईसारख्या बारीक वाटांनी तेल फिरतं आणि त्याच्या दाबाने लहान लहान खिट्ट्या मागेपुढे सरकतात, तेव्हा गियर पडतो. त्या खिट्ट्या चिकटल्या होत्या. म्हणून गियर उशिरा, म्हणून झटका. आणि तेल खुणेच्या वर होतं ते फेसामुळे नव्हे, कुणीतरी वरून ओतलं होतं म्हणून.

रोग सापडला. माणूस आनंदाने येडा झाला. त्या दिवशी वालूरचा बाजार होता आणि मी अक्काला भेटायला गेलो होतो, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. दाजी तसेच तेलकट हातांनी पाराकडे पळाले. पारावर माणिकराव, भुजंग, गावचे चार पंच आणि समोर सगळा बाजार. दाजींनी फडकं वर धरलं.

"मालक, सापडलं. गियर जळला न्हाई. आत करडीचं तेल पडलंय. धुऊन काढलं की गाडी पहिल्यासारखी."

कुणी शाबास म्हणेल असं त्यांना वाटलं असावं. भुजंगने तंबाखूची पिंक टाकली आणि शांतपणे विचारलं, "मंग लाल तेल कुटं गेलं?"

"आतच हाय. त्याच्यात हे मिसळलंय."

"पेटीची किल्ली कुणाकडं?"

"माझ्याकडं."

"झाकण कुणाला ठावं?"

"मलाच."

भुजंग माणिकरावांकडे वळला. "मालक, आजून काय इचारायचं? लाल तेल इकलं परभणीला अन् करडी भरली."

दाजी म्हणाले, "आवो, इकलं आसतं तर तेल कमी झालं आसतं. हे खुणेच्या वर हाय. चोरणारा जास्त भरील का? अन् डबे बगा पेटीतले, भरल्याले हायत." किती साधी गोष्ट! शेळ्या राखणाऱ्यालाही कळावी. पण दाजींचा आवाज चढला होता, मध्ये एक उर्दू शब्दही आला, आणि नोकराचा चढलेला आवाज म्हणजे गुन्ह्याची कबुली, असा आपल्याकडे कायदाच आहे. पेटी उघडून बघायला कुणी उठलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं तर एक पंच म्हणाला, "तुमी पाव्हणे, गप ऱ्हावा."

माणिकरावांनी दाजींकडे पाहिलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या घरात चोर नको. किल्ल्या ठेव अन् चालता हो."

दाजींनी किल्ल्या पाराच्या दगडावर ठेवल्या. संध्याकाळच्या गाडीने अक्काचा संसार एका ट्रंकेत पेडगावला आला.

सासरवाडीला घरजावयासारखं राहणं म्हणजे काय, ते ज्याच्यावर आलं त्यालाच कळतं. दाजी परभणीला गेले, जिंतूरला गेले, मोटारवाल्यांच्या दारांत उभे राहिले. चोरीची बातमी त्यांच्या आधीच पोचलेली असायची. ज्या माणसाचं पोट दुसऱ्याच्या गाडीवर, त्याच्याकडे इमानाशिवाय काय असतं? तेच माणिकरावांनी भर बाजारात काढून घेतलं. दाजी बूट काढून माझ्या शेतात खुरपायला बसले. त्यांना तण कुठलं आणि ज्वारी कुठली हे नीट कळत नव्हतं. मी रागावलो नाही, फक्त माझा दगडावरचा राग रोज वाढत गेला. दगड म्हणजे माणिकराव.

आणि हे सगळं होत असताना, ज्यांना खरं माहीत होतं त्या माणिकरावांच्या आई, धुरपदाबाई, गंगाखेडला लेकीच्या बाळंतपणात होत्या.

ह्या धुरपदाबाई कानाने जड, स्वभावाने कडक. गाडी आली तेव्हा माणिकरावांनी घरच्या दमणीला जुंपायची पांढरी बैलजोडी विकून टाकली होती. ती जोडी म्हातारीने वासरांपासून वाढवलेली. नांगरटीला, लांबच्या वाटेला बैल काढायचे झाले की आमच्याकडे त्यांना तेल पाजतात. तोंड वर धरून बांबूच्या नळ्याने करडीचं तेल घशात ओतायचं, म्हणजे अंगात रग येते. त्या घरात हे काम म्हातारी कुणावर सोपवायची नाही. जोडी गेल्यावर पोळा आला, आणि तिच्या हाताला बैल उरला नाही. मग तिने गाडीलाच जनावर मानलं. दाजी पेडगावला गेलेले असताना खांदमळणीच्या, म्हणजे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तिने मोलकरीण दगडाबाईला घेऊन शेड उघडली. बैलाच्या खांद्यांना चोळतात तसं गाडीच्या पुढच्या दोन्ही फुगीर बाजूंना हळद-लोणी चोळलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या," असं गाडीला रीतसर सांगितलं. आणि मुंजाजी रोज कुठून सळई काढतो हे तिने खिडकीतून कितीदा तरी पाहिलेलं होतं. चटई उचलली, झाकण काढलं, तोच बांबूचा नळा लावला आणि करडीचं तेल पाजलं. भरपूर पाजलं, कारण जनावर मोठं होतं.

दुसऱ्या दिवशी बैल धुवावेत तशी दगडाबाईकडून गाडी धुऊन घेतली, पोळा झाला आणि म्हातारी गंगाखेडला गेली. दगडाबाईला सगळं माहीत होतं, पण तिचं पोट त्याच घरावर. ती गप्प बसली, तिला मी दोष देत नाही.

म्हातारी परत आली तेव्हा गाडीवर धूळ आणि खोलीला कुलूप. मुंजाजी कुठाय म्हणून विचारलं तेव्हा दगडाबाई रडायला लागली. म्हातारीने मुलाला माजघरात बोलावलं आणि सांगितलं, तेल मी पाजलं. माणिकराव म्हणे पोट धरून हसले.

हे आम्हाला कळलं ते भुजंगकडून. माणिकरावांनी त्यालाच पेडगावला पाठवलं होतं. आमच्या ओसरीवर बसून, आमचाच चहा पीत तो हसत हसत सांगत होता, "आईसायबांची माया हो! गाडीला तेल पाजलं. काय मनावं आता. झालं गेलं गंगेला मिळालं. चला मुंजाजी, मालकानं बलावलंय."

दाजींनी विचारलं, "पारावर सांगितलं का मालकानं?"

"काय?"

"की मुंजाजी चोर न्हाई."

भुजंगचं हसू गेलं. "आता घरच्या बाईमानसाचं नाव पारावर घ्यायचं व्हय? तुमी समजदार मानूस."

मी त्याच्या हातातली कपबशी काढून घेतली. अर्धा चहा त्याच्या धोतरावर सांडला, त्याचं मला काही वाटलं नाही. आळ घ्यायचा भर बाजारात आणि मागे घ्यायचा माजघरात, कवाड लावून! ह्यांच्या घरच्या बाईचं नाव एवढं नाजूक की पारावर उच्चारायचं नाही, आणि माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव काय रस्त्यावर सांडलेलं होतं?

मला वाटलं दाजी जाणार नाहीत. पण ते उठले आणि त्यांनी बूट झटकले.

"दाजी, कामून जायलात?" मी ओरडलोच.

"गाडीसाठी जायलो. तेल आत वाळायलंय. आता धुतलं न्हाई तर गेलीच. तिनं काय केलंय?"

मी कपाळावर हात मारला, आणि सोबत गेलो.

वालूरला दाजी कुणाशी बोलले नाहीत. गियरबॉक्सचं तेल सगळं उतरवलं. ते परातीत पडलं तेव्हा लाल नव्हतं, काकवीसारखं तपकिरी आणि चिकट होतं. खालचं झाकण खोलून जाळी धुतली, तिच्यावर डिंकासारखा थर होता. नवं पातळ तेल भरून इंजिन चालवलं, उतरवलं, परत भरलं, परत उतरवलं. शेवटी लाल तेल घातलं, थोडं थोडं करून, इंजिन तापवून, चालू ठेवून, बरोबर खुणेपर्यंत. पेटीतले डबे माझ्यासमोर फोडले. सीलबंद होते, जसे आले तसे. माणिकराव एकदा शेडच्या दारात येऊन गेले, म्हणाले, "जमतंय ना?" आणि पारावर जाऊन बसले. बाजाराचा दिवस होता, गाडी चालू झालेली लोकांना दाखवायची होती.

गाडी फिरवून बघायची वेळ आली तेव्हा धुरपदाबाई मागच्या सीटवर येऊन बसल्या. "मलाबी बगू दे," म्हणाल्या. मी पुढे बसलो. दाजींनी दांडा खाली ओढला आणि गाडी लगेच, अलगद निघाली. सेलूच्या रस्त्याला पहिल्याचा दुसरा झाला, दुसऱ्याचा तिसरा झाला, तिसऱ्याचा चौथा झाला, आणि एकदाही पोटातलं पाणी हललं नाही. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. चोर ठरवलेला माणूस चोर ठरवणाऱ्याची गाडी बरी झाली म्हणून रडतो, याला काय म्हणायचं? मला राग आला, तरी डोळे पुसायला रुमाल मीच त्यांच्यापुढे धरला.

परत येताना गाडी पारासमोर आली तशी म्हातारीने सीटवर थाप मारली. "थांबीव."

दाजी थांबले. तिने बायकांसाठी लावलेला खिडकीचा पडदा सारला आणि दार उघडून खाली उतरली. त्या घरातली बाई पारापुढे पायउतार झाल्याचं वालूरने पाहिलेलं नव्हतं. बाजार थबकला. माणिकराव धावत आले. "आई, घरी चल. लोक बगायलेत."

"बगावं मनूनच उतरले." ती कानाने जड, त्यामुळे बोलायची ते सगळ्या गावाला ऐकू जायचं. "ऐका रे. मुंजाजी चोर न्हाई. गाडीला करडीचं तेल म्या पाजलं. बैलाला पाजतात तसं पाजलं. कुणी काय इकलं न्हाई."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते हसू पारभर पसरलं. गाडीला तेल पाजलं! पंच हसले, भुजंग हसला, माणिकरावसुद्धा सुटल्यासारखे हसले. "आईची माया," ते लोकांना म्हणाले.

म्हातारीचा चेहरा लाल झाला. तिने मुलाच्या दंडाला धरलं.

"हासायला काय झालं? त्येनं वतलं मनून वाटलं तवा चोरी झाली. म्या वतलं तर माया झाली व्हय? तेल तेच की रे. तवा कामून न्हाई हासलास?"

हसणं बंद पडलं. माणिकरावांच्या तोंडाकडे आता सगळा बाजार बघत होता. मीही बघत होतो. एक वाक्य बोलायचं होतं. माझं चुकलं, एवढंच. ते बोलायला ना शिक्षण लागत होतं, ना जमीन. माणिकरावांनी पटका सारखा केला, घसा खाकरला आणि म्हणाले, "बरं, झालं ना आता समाधान? चला, ऊन झालंय."

दाजी गाडीतून उतरले. त्यांनी किल्ल्या माणिकरावांच्या हातात दिल्या नाहीत, म्हातारीच्या हातात दिल्या. वाकून तिच्या पाया पडले. "आईसाहेब, तेल आता बराबर हाय. अजून पाजू नका."

"थोडंबी न्हाई?" म्हातारीने खरंच विचारलं.

"थोडंबी न्हाई."

आणि आम्ही दोघं सेलूच्या वाटेला लागलो. मागून कुणी हाक मारली नाही.

पुढे दाजींना सरकारी बसवर काम मिळालं. क्लचची, खडखडती, हमालाच्या कामाची गाडी, पण तीही त्यांनी रिटायर होईपर्यंत पोरासारखी जपली. हिरव्या गाडीला नवे ड्रायव्हर आले, एक टिकला नाही, आणि शेवटी ती शेडमध्येच बसली. धुरपदाबाई होत्या तोवर दर दिवाळीला अक्कासाठी साडी पाठवायच्या. वालूरच्या लोकांनी मात्र म्हातारीचं पारावरचं बोलणं विसरून टाकलं आणि भुजंगचं लक्षात ठेवलं. चोरीची गोष्ट सांगायला मजा येते, चोरी झालीच नव्हती या गोष्टीत कुणाला रस? माणिकराव त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. गावात आले-गेले, लग्नाकार्यात दाजींच्या समोरासमोर बसून जेवले, पिकापाण्याचं बोलले, आणि ते एक वाक्य कधीही बोलले नाहीत.

ते वारले तेव्हा दाजी दहाव्याला वालूरला गेले. मला म्हणाले, चल. मी गेलो नाही.